सेकंदाला तीन फ्लॅश

मोशन डिझाइनचं, म्हणजे हलत्या चित्रांच्या डिझाइनचं, तिसरं वर्ष संपलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत इंटर्नशिप मिळाली. तोवरचं माझं काम म्हणजे कॉलेजचे प्रोजेक्ट: उसळणारा चेंडू, वॉक सायकल (चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी हालचाल), कागदी कात्रणांची छोटी फिल्म आणि एका काल्पनिक मालिकेची टायटल्स. सगळं लॅपटॉपवर केलेलं, बघणारे सर आणि वर्गातली मुलं. स्टुडिओत पहिल्यांदा असं काम हाती आलं, जे बघायचं की नाही हे बघणाऱ्याच्या हातात नव्हतं. एका म्युझिक अ‍ॅपची जाहिरात गजबजलेल्या चौकातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर लागणार होती. सिग्नलला थांबलेला माणूस फोन खिशात ठेवू शकतो, पण समोरच्या इमारतीएवढा पडदा बंद करू शकत नाही.

फिल्म वीस सेकंदांची. संगीत मिनिटाला 120 ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला दोन. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा, म्हणजे 25 स्थिर चित्रांचा. एक ठोका साडेबारा फ्रेमचा पडतो आणि अर्धी फ्रेम नावाची गोष्ट नसते, म्हणून एक ठोका बारा फ्रेमचा धरायचा आणि पुढचा तेराचा. इंटर्न म्हणून माझं काम हेच होतं. प्रत्येक कीफ्रेम, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते किंवा संपते ती फ्रेम, ठोक्यावर बसवायची आणि ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीचा वेग रेषेने दाखवणाऱ्या खिडकीत, तिचा ईझ (वेग हळूहळू वाढणं आणि उतरणं) नीट करायचा. मला हे काम मनापासून आवडायचं. एका फ्रेमचा फरक डोळ्याला सांगता येत नाही, पण हालचाल तालात आहे की नाही हे कळतंच.

शेवटच्या आठ सेकंदांत प्रत्येक अर्ध्या ठोक्याला पूर्ण पडदा काळ्याचा पांढरा आणि पुन्हा काळा व्हायचा, त्यावर अ‍ॅपचं नाव. अ‍ॅनिमॅटिकपासूनच (कच्च्या चित्रांच्या पहिल्या आराखड्यापासून) क्लायंटचा हा सगळ्यात लाडका भाग होता. डिलिव्हरीच्या दिवशी दुपारी पडदा चालवणाऱ्या कंपनीकडून फाइल परत आली. सोबत तपासणीचा अहवाल होता, आणि त्यातल्या आलेखात नेमके ते आठ सेकंद लाल होते.

मी असा अहवाल कधी पाहिला नव्हता. आर्ट डायरेक्टर मॅडमनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. हे कॉलेजात शिकवत नाहीत, पण तुला आलं पाहिजे."

फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्या माणसाला ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते. मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातल्या पेशी त्या लयीबरोबर एकदम उत्तेजित होतात. साधारण दर चार हजारांत एकाला हा त्रास असतो, मुलांमध्ये आणि किशोरवयात जास्त. अनेकांना आपल्याला तो आहे हे पहिली फिट येईपर्यंत माहीतच नसतं. म्हणून नियम आहे: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत. ब्रिटनमध्ये टीव्हीच्या जाहिराती या कसोटीवर तपासल्या जातात. प्राध्यापक ग्रॅहम हार्डिंग यांच्या नावाने ती चाचणी ओळखली जाते. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीतही हीच मर्यादा आहे. आमच्या फिल्ममध्ये सेकंदाला चार फ्लॅश होते.

मॅडमनी दोन घटना सांगितल्या. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग लागला. त्यात काही सेकंद लाल आणि निळा रंग झपाट्याने आलटून पालटून चमकत होते. त्या संध्याकाळी साडेसहाशेहून जास्त जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलं होती. दुसरी घटना आमच्या धंद्याला आणखी जवळची. 2007 च्या जूनमध्ये 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं बोधचिन्ह जाहीर झालं, तेव्हा सोबत एक अ‍ॅनिमेशन होतं. त्यातल्या एका तुकड्याने लोकांना फिट आल्याच्या तक्रारी आल्या आणि तो तुकडा वेबसाइटवरून काढावा लागला. ती मोशन ग्राफिक्सच होती, आम्ही रोज करतो तशी.

क्लायंटचा फोन आला. त्यांचं म्हणणं, हा काही टीव्ही नाही, मग टीव्हीचा नियम कशाला? मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "टीव्ही नको असेल तर माणूस उठून जातो. चौकात थांबलेल्या बसमधला माणूस कुठे जाईल?" त्या बोलत असताना पलीकडच्या टेबलावरच्या कंपोझिटर (चित्राचे वेगवेगळे थर एकत्र जोडणाऱ्या) ताई उठून बाहेर गेल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं, शाळेत असताना त्यांना एकदा अशी फिट आली होती, म्हणून आमची ही शेवटची आठ सेकंदं लागली की त्या खाली बघायच्या. इतके दिवस मला वाटायचं, त्या फोन बघतात.

मग उपाय सुरू झाले. क्लायंटने सुचवलं, उजेड निम्मा करा. त्याने भागत नाही. उजेड वाढणं आणि उतरणं ही जोडी म्हणजे एक फ्लॅश. दोन्हींतला फरक कमाल उजेडाच्या 10 टक्के किंवा जास्त असेल आणि गडद बाजू 80 टक्क्यांच्या खाली असेल, तर तो मोजला जातोच. मग पांढऱ्याच्या जागी लाल करू, असं कुणीतरी म्हणालं. भडक, शुद्ध लाल तर वेगळा मोजतात, कारण त्याचा धोका जास्त. तिसरा उपाय फ्लॅशचा भाग लहान करण्याचा होता. पडद्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा लहान फ्लॅशला सूट असते, पण ती सूट घरच्या टीव्हीचं अंतर धरून दिलेली आहे. इमारतीएवढ्या पडद्याखाली उभं राहिलं की त्याचा लहान तुकडाही सगळी नजर व्यापतो. मॅडमनी तो उपाय तिथेच बाद केला, आणि मला वाटतं तो त्या दिवसाचा सगळ्यात बरोबर निर्णय होता. अहवाल हिरवा करून घेणं सोपं होतं. खाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार करणं वेगळं.

तेव्हा मला कात्रणांची फिल्म आठवली. कागदावर प्रकाश चमकवता येत नाही, त्यामुळे ढोलाचा प्रत्येक ठोका मी कागदाचा गोल फुगवून दाखवला होता. मी म्हटलं, "मॅडम, ठोक्याला फ्लॅश राहू दे, तो सेकंदाला दोनच होतो. मधल्या अर्ध्या ठोक्याला उजेड न बदलता आकार बदलला तर?"

"उजेड न बदलता कसा दिसेल?"

"पांढऱ्यावर पिवळा."

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून होतो, पण तिन्हींचा उजेड सारखा नसतो. हिशोबात हिरव्याचा वाटा 71.5 टक्के, लालचा 21.3 आणि निळ्याचा जेमतेम 7.2. पांढऱ्यातून निळा काढला की उरतो पिवळा, आणि त्याचा उजेड जवळपास 93 टक्के. फरक 10 टक्क्यांपेक्षा कमी, गडद बाजू 80 च्या बरीच वर. डोळ्याला रंग लख्ख वेगळा दिसतो, पण फ्लॅश होत नाही.

पुढचे काही तास फक्त त्या पिवळ्या गोलावर गेले. तो नुसता मोठा होत गेला तर फुगा भरल्यासारखा दिसायचा, त्यात ठोका नव्हता. मग आधी दोन फ्रेम तो किंचित आक्रसवला, मग तीन फ्रेममध्ये ठरल्या मापाच्या पुढे नेला आणि पुढच्या दोन फ्रेममध्ये मागे आणून स्थिरावला. ग्राफ एडिटरमध्ये सुरुवातीचा चढ जवळजवळ उभा केला. अर्धा ठोका सव्वासहा फ्रेमचा, त्यामुळे एवढी हालचाल प्रत्येक वेळी त्यात मावत नव्हती. जिथे मावेना तिथे मी आक्रसणं एका फ्रेमवर आणलं, पण पुढे जाऊन मागे येणं कुठेच कापलं नाही. डिस्नेच्या अ‍ॅनिमेटर्सनी मांडलेली बारा तत्त्वं पहिल्या वर्षी पाठ केली होती. आधीचं ते आक्रसणं म्हणजे पूर्वतयारीची हालचाल, त्यातलंच एक तत्त्व. ते इतक्या कमी फ्रेममध्येही काम करतं हे तेव्हा हाताला कळलं.

मॅडमनी आधी आवाज बंद करून बघितलं. ठोका दिसत होता. मग आवाजासकट. मग ताईंना विचारून, त्यांना आधी चाचणीचा निकाल दाखवून, त्यांच्यासमोर लावलं. त्या शेवटपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या ठोक्याला गोल एक फ्रेम उशिरा येतोय." खरंच येत होता.

क्लायंट खूश झाले असं मी म्हणणार नाही. त्यांना जुनं जास्त आवडत होतं आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. जुन्यातला धक्का नव्यात नव्हता, हे मलाही मान्य आहे. बरीच चर्चा झाली आणि शेवटी नाव येतं त्या क्षणी एक सेकंदभर सगळं थांबवून मग एकच पूर्ण पांढरा फ्लॅश द्यायचा, यावर जमलं. थांबल्यामुळे तो एकटा फ्लॅश चांगलाच लागतो. रेंडर करून, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करून, पुन्हा तपासणीला पाठवलं, आलेखात लाल काही आलं नाही, आणि रात्री उशिरा फाइल स्वीकारल्याचा मेल आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याच फिल्मची फोनसाठीची उभी आवृत्ती पूर्णपणे माझ्याकडे सोपवली. ती सेकंदाला 30 फ्रेमची होती. ठोका आता नेमका पंधरा फ्रेमचा, पण अर्धा ठोका साडेसातचा. सगळे गोल पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतले.