विरजण कशाचं?

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात नवी ऱ्हाइन नावाचा कालवा आहे. त्याच्या काठाला बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो आणि तिथल्या एका चीजच्या गाडीवर मी दोन वर्षांपासून काम करते. सकाळी उजाडायच्या आत ढेपा मांडून होतात. गौडा नावाच्या इथल्या चिजाची एक ढेप साधारण १२ किलोची असते. एका किलोला दहाएक लिटर दूध लागतं, म्हणजे ढेपेला १२० लिटर. कोल्हापूरकडच्या आमच्या घरात दोन म्हशींच्या दुधावर आम्हा भावंडांची शाळा झाली, त्यामुळे ढेप उचलली की लिटरचा हिशेब मनात आपोआप होतो.

गिऱ्हाईक समोर आलं की मी आधी विचारते, कशाबरोबर खाणार? मालकानं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. चार आठवड्यांचं कोवळं चीज लहान मुलांच्या पावावर जातं, तेही सुताराच्या रंध्यासारख्या पट्टीनं पातळ सोलून. चार महिन्यांच्या चिजाचे चौकोनी तुकडे करून संध्याकाळी मोहरीच्या चटणीत बुडवायचे. मनुका घातलेला गोड पाव मधोमध चिरून त्यात चीज भरणारेही खूप. दर शनिवारी येणाऱ्या एक डच आजी आहेत, त्या दहा-बारा महिन्यांचं जुनं नेतात आणि काळ्या राय पावावर सफरचंदाचा पाक लावून त्यावर ठेवतात. तो पाक दिसायला अगदी काकवीसारखा. आणि दुपारच्या या पाव-चिजाबरोबर ग्लासभर ताक! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते आजही आठवतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आमचं एक मराठी गिऱ्हाईक आपल्या आईला घेऊन आलं. मुलगा इथे आयटीत आहे. सप्टेंबरअखेरीला आई तीन महिन्यांसाठी आली, तेव्हापासून तो दर शनिवारी अर्धा किलो जुनं गौडा न्यायचा. आईला फार आवडलं म्हणायचा. ती त्याचा चुरा तव्यावरच्या गरम भाकरीवर टाकते, वर भाकरीचा दुसरा पापुद्रा दाबते आणि लसणाच्या चटणीबरोबर खाते. ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पहिल्या खेपेला त्यानं विचारलं होतं, "ताई, यात अंडं वगैरे नाही ना? आई माळकरी आहे." मागे रांग होती. मी म्हटलं, "छे, दूध आणि मीठ." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मावशी माण तालुक्यातल्या. नऊवारी, वर मुलाचा जाड कोट, कोटाच्या गळ्यातून दिसणारी तुळशीची माळ. गाडीवरच्या ढेपा बघून थक्क झाल्या. "किती दूध लागतं गं एका ढेपंला?" मी सांगितलं. "आरं देवा! आमच्या आख्ख्या वाडीचं दूध की हे."

मी जुन्याचा एक तुकडा सुरीच्या टोकावर धरून दिला. त्यात पांढरे बारीक कण असतात, ते दाताखाली करकरतात. लोकांना मीठ वाटतं, पण चीज मुरताना त्यातल्या प्रथिनांपासून ते खडे तयार होतात. मावशींनी अर्धाच तुकडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून बराच वेळ घोळवला.

"आंबट न्हाई," त्या म्हणाल्या. "दह्यानं लावलं असतं तर आंबट झालं असतं. लिंबानं फाडलं असतं तर पनीरवाणी भुसभुशीत झालं असतं. हे तर गोड हाय. पोरी, ह्याला विरजण कशाचं?"

दोन वर्षांत मला हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. इथले शाकाहारी लोक दूध धरवणारं रेनेट कुठलं म्हणून विचारतात, पण ते लेबल वाचून. मावशींनी जिभेनं ओळखलं होतं. दूध आंबवून घट्ट केलेलं नाही आणि फाडलेलंही नाही, तिसरंच काहीतरी आहे, हे त्यांना कळलं होतं.

मी आधी दुसऱ्याच गोष्टीच्या आड लपले. म्हटलं, "मावशी, दूध घट्ट झालं की सुरीनं कापतात, निवळी काढून टाकतात आणि गरम पाणी घालून धुतात. दुधातली साखर त्या पाण्याबरोबर जाते, म्हणून पुढे ते फार आंबत नाही." हे खरंच आहे, गौडाचा गोडवा त्यातूनच येतो. मावशींनी नीट ऐकून घेतलं.

"ते पाण्याचं कळलं. पर त्याच्या आदी दूध धरलं कशानं?"

मुलगा म्हणाला, "आई, मागं लोक थांबलेत." आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती. त्यालाही एव्हाना काहीतरी शंका आली असावी. मागे खरोखरच सहा-सात माणसं होती. "असतं एक औषध" म्हणून मला सुटता आलं असतं. पण माझी आजीही माळकरी होती. एकादशीच्या आदल्या रात्री चुलीपासून भांड्यांपर्यंत सगळं घासूनपुसून काढणारी ती बाई डोळ्यांसमोर आली आणि मला खोटं बोलवेना.

"मावशी, वासराच्या पोटातून काढतात. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटाचा चौथा कप्पा असतो, त्यात दूध घट्ट करणारा रस असतो. त्याला रेनेट म्हणतात. त्याचे थोडेसे थेंब घातले की अर्ध्या तासात दूध धरतं."

मला वाटलं त्या थुंकतील, रडतील. त्यांचा हात माळेकडे गेला आणि तिथेच राहिला.

"व्हय," त्या हळू म्हणाल्या. "वासरू वकलं की दह्याच्या कवड्या पडत्यात. बघितल्यात म्या." थोड्या वेळानं विचारलं, "वासरू मरतं?"

"हो, मावशी. कापलेल्या वासराच्याच पोटातून काढतात."

उरलेला अर्धा तुकडा त्यांनी कागदावर परत ठेवला, अगदी हलक्या हातानं. मुलाकडे वळल्या, "तुला ठावं हुतं?" तो म्हणाला, "नाही आई." ते खरं होतं. मग माझ्याकडे बघून, "तुला?"

"होतं."

"मग मागं का न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी अंड्याचं विचारलं, मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. चुकलं माझं."

"चुकलं खरं," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता ज्यात न्हाई ते दाव."

मी मालकाला डचमध्ये सगळं सांगितलं. साठीचा माणूस, वडिलांपासूनची गाडी. तो हातातलं काम टाकून आला आणि आम्ही दोघं ढेपांची लेबलं वाचायला लागलो. काहींवर स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींवर नुसतंच रेनेट, कशाचं ते नाही. रांगेतल्या त्या राय पाववाल्या आजी पुढे आल्या आणि काय शोधताय म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि कोपऱ्यातल्या ढेपेवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही.

सापडलं ते जिऱ्याचं गौडा. त्यात रेनेट बुरशीपासून काढलेलं होतं. मी एक पातळ काप मावशींपुढे धरला. त्यांनी आधी वास घेतला.

"जिरं! ह्यास्नी जिरं कुणी दिलं?"

लायडनचं चीज जिऱ्याचंच. भोवतालच्या शेतकऱ्यांनी साय काढून लोणी करायचं, उरलेल्या दुधाचं चीज लावायचं आणि त्यात जिरं घालायचं, ही इथली जुनी रीत. शेतावरच्या अस्सल ढेपेवर शहराच्या दोन किल्ल्यांची खूण असते. ती ढेप आमच्याकडे होती, पण तिच्यात वासराचंच रेनेट, म्हणून मी ती नुसती लांबून दाखवली. साय काढण्याचं ऐकल्यावर मावशींनी मान हलवली. "सायीबिगर दूध बेचवच की. मग जिरं घालावंच लागनार."

त्यांनी पाव किलो घेतलं. मालकानं मला विचारायला लावलं, त्या ते कशाबरोबर खाणार. मावशींनी दोन्ही तळहातांनी भाकरी थापून दाखवली. मालकानं तसेच हात करून पाहिले.

त्या रात्री झोपताना मला सारखं तेच ऐकू येत होतं. तुला ठावं हुतं?

पुढच्या शनिवारी मुलगा एकटाच आला. पिशवीत जुन्या गौडाचं हवाबंद पाकीट होतं, न फोडलेलं. "आई म्हणाली टाकू नको, अन्न आहे, ज्याचं त्याला दे." पैसे परत देऊ केले तर घेईना. मग मी ते तोलून तेवढ्याच वजनाचं जिऱ्याचं बांधून दिलं. जाता जाता म्हणाला, "खरं सांगू का ताई, आई म्हणते चवीला ते पहिलंच सरस होतं. हे भाकरीवर पटकन वितळतं, करकरत नाही. पण आता हेच खाणार म्हणते."

ते पाकीट मी घरी नेलं. मी माळकरी नाही, मी ते खाल्लं. पण मावशींचं बोलणं मनातून जाईना. जुनेपणाला वासराचं रेनेट लागतंच असं नाही. मुरायला वेळ लागतो, फळी लागते, ढेप उलटीपालटी करणारे हात लागतात. मालकानं त्याच्या नेहमीच्या चीज पुरवणाऱ्यांना फोन लावले. तिसऱ्या आठवड्यात एक ढेप आली, दहा महिन्यांची, बुरशीच्या रेनेटची. कापल्यावर आत पांढरे कण दिसले तेव्हा मालकानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी मी मुलाला फोन करून आईला घेऊन यायला सांगितलं. मावशी आल्या, तोच कोट, तीच माळ. मी तुकडा सुरीवर घेऊन पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"आदी लेबल वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. डचमध्ये, मग मराठीत. दूध, मीठ, विरजणाचे जंतू, बुरशीपासूनचं रेनेट. रंगासाठी शेंदरीच्या बिया. त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. मग तुकडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक केले. रांग पुन्हा वाढली होती.

दाताखाली कण करकरला, तो मला ऐकू आला.

"दोन किलो बांध," मावशी म्हणाल्या. "बेस्तरवारी इमान हाय. आमच्या दिंडीतल्या बायास्नी द्यायचंय. आन् ते लेबल बी दे संगट."