माळ्यावरचा पाळणा खाली काढण्याआधी

जुना रंगवलेला पाळणा बाळासाठी काढताय? आधी रंग तपासा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. दात येणारं बाळ कठडा चावतं, पोपडे पोटात जातात, आणि शिसं मेंदूच्या वाढीलाच धक्का लावतं. कोरडा पॉलिश पेपर तर मुळीच मारू नका, ती धूळ पोपड्यांहून वाईट. वरून नवा रंग दिला तरी चावण्याच्या जागी तो टिकत नाही. असा पाळणा वापरूच नये, हे उत्तम. दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरहून जास्त असेल तर धड निसटतं आणि डोकं अडकतं.

सगळ्यात भीती वाटते ती पेटाऱ्याची. लपाछपीत मूल आत शिरतं, जड झाकण पडतं, कडी बाहेरून बसते. कडी-कोयंडा आजच काढा, मागच्या फळीला हवेसाठी भोकं पाडा.

उंच कपाट वरच्या बाजूला दोन लोखंडी अँगलनी भिंतीला आवळा. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा भिंतीतला प्लग, विटेत गेली पाहिजे, नुसत्या गिलाव्यात ती सुटते.