स्वस्तातलं ड्रिल प्रेस: आधी पुसा, मग मोजा, मग काय ते विकत आणा

स्वस्त ड्रिल प्रेसबद्दल (म्हणजे स्टँडवर बसवलेलं उभं ड्रिल मशीन) कुठेही विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, एक तर घेऊच नका, नाहीतर घेतलंच तर पहिल्यांदा चक (ड्रिल बिट पकडणारा जबड्यांचा भाग) आणि बेल्ट बदलून टाका. मला दोन्ही पटत नाही. माझ्याकडे 13 एमएम चकचं, पाच स्पीडचं, टेबलावर ठेवायचं छोटं मशीन आहे आणि त्यात जी काही सुधारणा झाली त्यातली निम्म्याहून जास्त फक्त जोडणी नीट केल्यामुळे झालीय, एकही नवीन पार्ट न आणता.

या मशीनमध्ये असतं तरी काय. बिडाचा बेस, त्यावर उभा कॉलम, कॉलमवर टेबल आणि हेड, हेडमध्ये खालीवर होणारी क्विल, तिच्या आत बेअरिंगवर फिरणारा स्पिंडल, मागे मोटर, दोन पुल्या आणि एक बेल्ट, संपलं. पैसे वाचवलेले असतात ते बऱ्याचदा शेवटचा हात फिरवण्यात, म्हणजे कडांची बर (कापताना वर राहिलेली बारीक धार) काढलेली नसते, रंग नको तिथे उडालेला असतो, कीस तसाच चिकटलेला असतो, स्क्रू अर्धवट आवळलेले असतात. आणि हे सगळं घरी दुरुस्त करता येतं.

बॉक्समधून काढल्यावर न रंगवलेल्या भागांवर गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं, ते रॉकेलने पुसून काढा (खिडकी उघडी ठेवून) आणि लगेच तेलाचा हात फिरवा, कारण उघड्या लोखंडावर दमट हवेत गंज यायला वेळ लागत नाही. कॉलम जिथे बसतो त्या फ्लँजखालचा (बेसवर टेकणाऱ्या रुंद कडेखालचा) रंगाचा ढेप कानशीने घासून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टेपर, म्हणजे स्पिंडलचं निमुळतं होत जाणारं टोक. बहुतेक छोट्या मशीनमध्ये चक ना आट्यांवर असतो ना खाचेत बसणाऱ्या चावीवर, तो नुसत्या घर्षणावर टेपरवर घट्ट बसतो. त्यामुळे त्या दोन पृष्ठभागांमध्ये एक बारीक कण जरी राहिला तरी चक किंचित वाकडा बसतो, आणि चकजवळ जो वाकडेपणा डोळ्याला दिसतही नाही तो बिटच्या टोकाला वाढून दिसतो. स्पिंडलच्या टेपरवरून नख अगदी हळू फिरवा, जिथे अडकेल तिथे बर आहे. माझ्या मशीनवर कडेलाच एक उभा ओरखडा होता आणि त्याची धार वर आलेली होती, बोटाला जेमतेम जाणवत होती. तेवढीच धार बारीक ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) उतरवायची. पूर्ण टेपरला पॉलिश पेपर लावू नका, त्याचा आकारच बिघडतो. मग दोन्ही बाजू कोरड्या पुसायच्या (इथे तेल नको), चकचे जबडे पूर्ण आत घ्यायचे आणि खालून लाकडी हातोडीने एक सरळ ठोका द्यायचा.

मग डायल गेज, म्हणजे बारीकसा फरक सुईने दाखवणारं मापक. मॅग्नेटिक बेसवर लावलेला साधा 0.01 एमएमचा गेज पुरतो, आणि या छंदात पैसे घालायचेच असतील तर मी सगळ्यात आधी यात घालेन. चक काढून आधी नुसत्या स्पिंडलच्या टेपरवर सुई टेकवून हाताने फिरवा. तिथेच सुई जास्त नाचत असेल तर कितीही भारी चक आणला तरी फरक पडणार नाही, दोष वरच आहे. स्पिंडल चांगला असेल तर चक बसवून त्यात सरळ रॉड धरा आणि परत बघा. माझ्याकडे 0.18 एमएम येत होतं, बर काढून, पुसून, चक अर्धा वळसा फिरवून परत बसवल्यावर 0.06 आलं. घरच्या कामाला 0.06 म्हणजे उत्तम, तो चक मी अजून बदललेला नाही.

टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का हे बघायला टेबलाच्या टिल्टवरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नका. एक जाड तार झेडसारखी वाकवून चकमध्ये धरा, टोक टेबलला जेमतेम घासेल असं करा आणि प्लग काढून हाताने फिरवा. एका बाजूला खर्र आवाज येतो आणि समोरच्या बाजूला कागद आरामात सरकतो, असं झालं की टेबल कुठल्या बाजूला कललंय ते लगेच कळतं. डावं-उजवं टिल्टचा बोल्ट ढिला करून जमतं. पुढे-मागे मात्र सोय नसते, तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालायची. टेबल पुढच्या बाजूला झुकलं असेल तर टेबल आणि ब्रॅकेटच्या जोडात बोल्टच्या खालच्या अंगाला पत्रा सरकवला की पुढची बाजू वर येते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 एमएमचा असतो, कात्रीने कापता येतो.

इथेच एक गोष्ट, गुण्या घेऊन कॉलम बेसला काटकोनात आणायच्या मागे लोक फार वेळ घालवतात. टेबलवर काम करायचं असेल तर त्याची गरज नाही, कारण हेड आणि टेबल दोघंही कॉलमलाच धरलेले आहेत, बेस थोडा वाकडा असला तरी त्या दोघांचं आपसातलं नातं बदलत नाही.

क्विल पूर्ण खाली घेऊन चक धरून हलवला की खटखट जाणवते. हेडच्या बाजूला लॉकनटवाला एक स्क्रू असतो, तो थोडाथोडा आवळायचा, क्विल जड व्हायला लागली की किंचित मागे घ्यायचा आणि नट घट्ट करायचा. दुसऱ्या बाजूची रिटर्न स्प्रिंगची टोपी मात्र माहिती नसताना उघडू नका, आतली गुंडाळलेली स्प्रिंग जोरात सुटते.

हादरे येत असतील तर बेल्टला दोष देण्याआधी पुल्यांचे ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर घट्ट धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) तपासा आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. एवढं करूनही थरथर राहिली तर मग बेल्ट बदला, खूप दिवस एकाच आकारात पडून राहिलेल्या बेल्टला बाक धरलेला असतो आणि तो प्रत्येक फेरीला धक्का देतो. मशीन बेंचला बोल्टने पक्कं करा, त्याचं सगळं वजन वर असतं.

स्पीडचा हिशोब सोपा आहे. साध्या स्टीलमध्ये एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटसाठी 8000 ला बिटच्या एमएममधल्या व्यासाने भागा, म्हणजे 10 एमएमला 800 आरपीएम, 5 एमएमला 1600. अ‍ॅल्युमिनियमला याच्या दुप्पट चालतं. याच हिशोबाने 50 एमएमच्या होल सॉला (मोठं गोल भोक पाडणाऱ्या दातेरी कटरला) 160 आरपीएम लागतात, आणि या मशीनचा सगळ्यात कमी स्पीड 600 च्या आसपास असतो, म्हणून स्टीलमध्ये मोठा होल सॉ यावर लावूच नका, दात जळतात.

विकत आणण्यासारखं पहिलं म्हणजे चांगला व्हाइस आणि दोन क्लॅम्प. हातात धरलेला पत्रा बिट आरपार निघताना अडकला की गरकन फिरतो आणि बोटं कापतो. हातमोजे घालून ड्रिलजवळ जायचं नाही, चकची चावी चकमध्ये सोडायची नाही. लाइट जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होणार नाही असा नो-व्होल्ट स्विच नसेल तर तो बसवून घ्या, आणि मल्टिमीटरने बॉडी ते प्लगची अर्थ पिन जोडलेली आहे ना ते स्वतः बघा.

काही तास काम झाल्यावर नवीन बेल्ट सैल होतो आणि टेबलचा बोल्टही हादऱ्यांनी थोडा ढिला पडतो, तेव्हा दोन्ही परत आवळा आणि तार लावून टेबल एकदा पुन्हा बघा.