हत्तीरोगाचं रक्त, तीन खाडे आणि कुणीच न विचारलेला प्रश्न

आधीच सांगतो, चिडून लिहितोय, क्रम मागंपुढं होईल. मी सोलापुरात पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात आहे, रात्रपाळी, आठ ते आठ. हे पहिल्यांदा सांगतोय कारण सगळा घोळ इथंच झाला, आणि हे सोडून बाकी सगळं मला विचारलं गेलं, आधार कार्ड पण.

जांघेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजून दुखायला लागली, थंडी वाजून ताप, चार दिवसात उतरला. दोन महिन्यांनी परत तेच. आमच्या आईचा डावा पाय लई वर्षांपासून सुजलेला, त्यामुळं डॉक्टरांना लगेच शंका आली, म्हणाले हत्तीरोगाचं रक्त तपासून घ्या, पण रात्रीचं.

सकाळी ११ ला हत्तीरोगाच्या ऑफिसात गेलो तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, रात्री साडेआठनंतर या. बरं. खाडा केला, पावणेनऊला पोचलो तर दाराला कुलूप! वॉचमन म्हणे टीम आज दुसऱ्या वस्तीत घरोघर रक्त घ्यायला गेलीय. कुठल्या वस्तीत? त्यालाही माहीत नाही. बाहेर बोर्डावर वेळ सकाळी १० ते ५. रक्त रात्रीच घ्यायचं आणि ऑफिस दिवसाच उघडं, हे कुणाच्या डोक्यातून निघालंय देव जाणे. (तुम्ही जाणार असाल तर आधी दिवसा जाऊन टीम कुठल्या रात्री कुठं आहे ते कागदावर लिहूनच घ्या, तोंडी विश्वास ठेवू नका.)

दुसरा खाडा. यावेळी माणसं भेटली, बोटाला टोचलं, काचेवर थेंब पसरला, दोन मिनिटांचं काम. आठ दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह. मी खूश, पेढे आणले. आणि पंधरवड्यात परत अवधाण.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा टोचणाऱ्या पोराने माझ्या केसातला कापूस बघितला आणि विचारलं, "अण्णा, कुठल्या पाळीला असता?" म्हटलं रात्रपाळी, आज खाडा करून आलोय. तो हातातली सुई खाली ठेवून म्हणाला, "मग दिवसा झोपता की तुम्ही!"

तर भानगड अशी. हत्तीरोगाची मोठी कृमी रसवाहिन्यांत आणि गाठींत बसते, सहा-आठ वर्षं जगते. तिची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या बारीक नसांत दडतात आणि रात्री अंगभरच्या रक्तात फिरतात, कारण त्यांना पुढं नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. पण ही वेळ घड्याळावर नाही, माणसाच्या झोपेवर चालते. झोपेचं वेळापत्रक बरेच दिवस उलटं राहिलं की पिल्लांचंही उलटं होतं. म्हणजे माझी जेव्हा लपलेली तेव्हा हे टोचणार! पोरगा म्हणाला दहा-बारा दिवस दिवसपाळी करा, रात्री नीट झोपा, मग या. सोलापुरात लूमवर रात्र काढणारी एवढी माणसं, आणि कागदावर पाळीचा एक रकाना नाही.

मालकाला पटवायला दोन दिवस गेले. मग रक्त दिलं आणि पॉझिटिव्ह आलं. खरं सांगू, वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं.

औषध सोपं निघालं. डीईसीच्या गोळ्या, किलोमागं ६ मिलिग्रॅम हिशेबाने, माझं वजन ६२ म्हणून १०० च्या साधारण चार रोज, १२ दिवस, जेवल्यावर. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, अंग तापलं. कृमी मरताना असं होतं हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, बायको मात्र रात्रभर जागी.

आता लाज वाटते पण सांगतो. आदल्या वर्षी हत्तीरोग होऊ नये म्हणून आशाताई घरी येऊन तीन डीईसी आणि एक अल्बेंडाझोल (जंताची गोळी) समोर खा म्हणत होत्या. मी म्हटलं जेवलो नाही, नंतर खातो. त्या गोळ्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये तशाच सापडल्या.

आईचा पाय गोळ्यांनी उतरणार नाही, एवढी जुनी सूज जात नाही. तिला टब, मग, साबण, मलम आणि टॉवेल असं किट मिळालं. टॉवेल, आमच्या घरात! ती हसली. पण रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला लागल्यापासून तिचा सारखा येणारा ताप कमी झालाय.

आणि हो, सगळे पाण्याच्या बॅरलला दोष देतात, पण क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, गटारात, संडासच्या टाकीत. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. मी आमच्या वाड्यात सगळ्यांच्या बांधल्या, घरमालक सोडून, तो म्हणतो वास अडकेल.

परत एकदा रक्त द्यायचंय. म्हणजे परत दिवसपाळी मागायची, मालक आत्ताच तोंड वाकडं करून बसलाय.