हाइंग न्गोर प्रकरण : गाडी लॉकेटपाशी अडली आहे

या खून खटल्यातल्या अपिलाचं निकालपत्र वाचून झालं, त्यामुळे न्गोर प्रकरणाची माझी वही पुन्हा उघडली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात.

२५ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये, राहत्या घराबाहेर, डॉ. हाइंग न्गोर यांचा गोळ्या घालून खून झाला. वय ५५. मूळचे कंबोडियातल्या नॉम पेन्हचे डॉक्टर. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने, म्हणजे तिथल्या जहाल कम्युनिस्टांनी, ते शहर घेतलं आणि अख्खं रिकामं केलं. शिकल्यासवरलेल्यांना वेचून मारत होते, म्हणून न्गोरांनी आपण टॅक्सी चालवतो असं सांगितलं. तरी तुरुंग आणि छळ चुकला नाही. एक बोट गेलं. पत्नी हुई १९७८ मध्ये बाळंतपणात गेली. सिझेरियन करायला हवं होतं आणि स्त्रीरोग हाच नवऱ्याचा विषय होता. पण हत्यारं नव्हती, औषधं नव्हती, आणि हा डॉक्टर आहे हे बाहेर फुटलं असतं तर कोणीच वाचलं नसतं. हा भाग मला आजही सलग वाचवत नाही.

पुढे थायलंडची छावणी, १९८० मध्ये अमेरिका. कधी कॅमेऱ्यासमोर उभा न राहिलेला हा माणूस ख्मेर रूजच्या अत्याचारांवरच्या ‘द किलिंग फील्ड्स’ या चित्रपटात पत्रकार दिथ प्रान झाला आणि १९८५ चं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन गेला. त्यानंतर मरेपर्यंत ते ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांवर खटला भरा, हेच जगाला सांगत राहिले.

कागदोपत्री खून उलगडलेला आहे. स्थानिक टोळीतले तीन तरुण पकडले गेले, एकाच कोर्टात तीन स्वतंत्र ज्युरींपुढे खटला चालला, आणि १६ एप्रिल १९९८ ला तिघेही दोषी ठरले. ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट मेला तो आदल्याच दिवशी. या दोन तारखांवर पुष्कळांनी इमले बांधले आहेत. माझ्या वहीत त्या तारखांच्या रकान्यात शेजारी शेजारी आहेत, आणि त्यापलीकडे त्यांना वजन नाही.

‘कोणी’ हा प्रश्न मी उकरत नाहीये. माझा रकाना ‘का’चा आहे, आणि तो अजून भरत नाही.

सरकारी पक्षाचं म्हणणं असं : अमली पदार्थासाठी पैसे हवे होते म्हणून तिघांनी लुटायचं ठरवलं, न्गोरांनी रोलेक्स घड्याळ काढून दिलं, पण गळ्यातलं लॉकेट द्यायला नकार दिला. त्यात हुईचा फोटो होता. म्हणून गोळ्या. ही गोष्ट ऐकताना पोटात कालवतं, आणि नेमकं म्हणूनच ती सावकाश तपासायला हवी. घड्याळ गेलं, लॉकेट गेलं, पण २,९०० डॉलर रोख तिथेच राहिले. खिसेसुद्धा नीट चाचपलेले नव्हते. शिवाय न्गोर ते लॉकेट कपड्यांच्या आत, अंगालगत घालत. मग रात्रीच्या वेळी ते लुटारूंना दिसलं कसं? झटापटीत शर्ट ओढला गेला असेल, साखळी बाहेर आली असेल. शक्य आहे. पण ‘देणार नाही’ हा नकार ऐकलेला एकही तटस्थ साक्षीदार मला अजून सापडलेला नाही. लॉकेट नाहीसं होणं ही वस्तुस्थिती आहे. नकार हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे. वहीत मी दोन्हींना वेगळी शाई लावली आहे.

आता उलट बाजू. उरलेले पैसे पाहून लोक लगेच ‘सुपारी’ म्हणतात. मला ते पटत नाही. घाबरलेली पोरं गोळी सुटल्यावर पळतात, खिसे तपासत बसत नाहीत. आणि सुपारी घेऊन आलेला माणूस घड्याळ कशाला नेईल? दिखाव्यासाठी, असं उत्तर येतं. पण दिखावाच करायचा तर पैसे सोडून कोण जाईल?

राजकीय बाजूचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे दुच. ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगाचा हा प्रमुख नोव्हेंबर २००९ मध्ये, ख्मेर रूजवरचे खटले चालवणाऱ्या नॉम पेन्हच्या न्यायाधिकरणापुढे म्हणाला की त्या चित्रपटातल्या भूमिकेमुळे पोल पॉटच्या हुकमावरून न्गोरांना मारलं. ऐकायला जबरदस्त. पण १९९६ मध्ये दुच स्वतः खोटं नाव घेऊन कंबोडियात लपून राहत होता. नेतृत्वाच्या वर्तुळातून तो कधीच बाहेर पडला होता. म्हणजे हे फार तर ऐकीव. हुकूम जंगलातून चायनाटाउनच्या पोरांपर्यंत कोणाच्या हातून पोचला, ही मधली कडी कुठेच नाही. मारण्याचं कारण ख्मेर रूजकडे होतं, हे खरं. कारण असणं आणि पुरावा असणं यांत मात्र मोठं अंतर आहे.

निकालपत्रातून हाती आलेली गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोलाची वाटते. तिघांपैकी एकाची शिक्षा २००४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी रद्द केली होती. कारण पुराव्यातलं भोक नव्हे. सरकारी वकिलांनी न्गोरांच्या कंबोडियातल्या हालअपेष्टा ज्युरीपुढे अशा मांडल्या की सहानुभूतीनेच पारडं झुकावं, असा आक्षेप होता. २००५ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. म्हणजे या माणसाचं आयुष्य इतकं भारी आहे की त्याच्या ओझ्याखाली पुरावा दबतो की काय, हा प्रश्न न्यायालयालाही पडला. लॉकेटची गोष्ट काय किंवा पोल पॉटची काय, दोन्ही आपल्याला त्या आयुष्याला शोभणारा शेवट देतात. फुटकळ लुटीत गेला, हे मान्य करणं सगळ्यात जड जातं. आज मला तीच शक्यता सर्वांत दाट वाटते, आणि वाईटही सर्वांत जास्त तिचंच वाटतं.

पुढचं काम : दुचच्या त्या दिवसाच्या साक्षीचा पूर्ण मजकूर, मागचेपुढचे प्रश्न धरून. बातम्यांत एकच वाक्य फिरतं. ते त्याला कोणी, कशाच्या संदर्भात विचारलं होतं ते पाहायचं आहे. दुसरं, १९९५ आणि १९९६ मध्ये न्गोर जाहीरपणे नेमकं काय बोलत होते याची तारीखवार यादी. लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचमधल्या कंबोडियन वस्तीतली त्या काळची वर्तमानपत्रं कोणी चाळली असतील, किंवा ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, वाचणारं कोणी ओळखीचं असेल, तर कळवा. कात्रण कितीही किरकोळ असलं तरी चालेल, फक्त तारीख हवी.