गोदामभाडं नक्की कोण भरणार?

चाकणला ऑटो पार्ट्स एक्सपोर्ट करणाऱ्या एका कंपनीत मी स्पॅनिशचं काम बघते, मेल, कागदपत्रं, कधी फोनवर दुभाषी. मागच्या पावसाळ्यात न्हावा शेवाहून गेलेला आमचा कंटेनर मेक्सिकोच्या मान्सानिल्यो बंदरात इन्व्हॉइसमधल्या वजनाच्या घोळामुळे अडकला, गोदामभाडं रोज चढतंय, सगळ्यांचं डोकं गरम. अशात एका सकाळी ऑफिसला पोचते तर सेल्सचे सर एकदम पेढे वाटायच्या मूडमध्ये. "मॅडम, भाडं कस्टमर भरतोय!" तिथल्या एजंटचा मेल त्यांनी ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकला होता.

म्हटलं मूळ मेल दाखवा. अख्खा कॅपिटलमध्ये. एल क्लिएन्ते दिहो के पागारान एल आल्मासेनाहे, इ के एमितिएरान उना नुएवा फाक्तुरा ओय. म्हणजे कस्टमरने सांगितलं की (दिहो के) गोदामभाडं 'पागारान' आणि आज नवीन इन्व्हॉइस 'एमितिएरान'; पागार म्हणजे भरणं, एमितीर म्हणजे काढणं.

आता गंमत अशी की पागारानमधल्या शेवटच्या ए वर तिरकी रेघ असली तर जोर रान वर आणि अर्थ 'ते भरतील', साधा भविष्यकाळ. रेघ नसली तर जोर गा वर आणि अर्थ 'तुम्ही भरावं', हा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, म्हणजे 'असं करावं' सांगणारं रूप, कारण आधी दिहो म्हणजे 'सांगितलं' असा भूतकाळ आलाय. कॅपिटलवरही रेघ द्यायचीच असा स्पॅनिश अकादमीचा नियम आहे, पण घाईत देतंय कोण. स्पेनचा माणूस असता तर कदाचित पागासेन लिहून मोकळा झाला असता, सबजंक्टिव्हची रा वाली आणि से वाली अशी दोन्ही रूपं चालतात, पण मेक्सिकोत रा चंच राज्य.

"मग फोन लावा ना त्याला!" सर, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेत.

मग दुसऱ्या क्रियापदाकडे बघितलं आणि तिथेच निकाल लागला. नियम सोपा आहे, भूतकाळातलं 'त्यांनी केलं' वालं रूप घ्यायचं, पागारोन, एमितिएरोन, शेवटचं रोन काढून रान लावायचं. मूळ रूपाच्या शेवटी आर असलेल्या नियमित क्रियापदांत हे रूप नेमकं भविष्यकाळासारखं दिसतं, फरक फक्त त्या रेघेचा. एर आणि ईर वाल्यांत मात्र तसं होतच नाही, एमितीरचा भविष्यकाळ एमितिरान आणि सबजंक्टिव्ह एमितिएरान, रेघ असो नाहीतर नसो. इथे चक्क एमितिएरान होतं. एकाच दिहो के च्या पोटातली दोन वाक्यं, दुसरं सबजंक्टिव्ह तर पहिलंही तेच धरायला हवं ना, आणि नवीन इन्व्हॉइस तर आपणच काढणार, कस्टमर कशाला काढेल. म्हणजे भाडंही आपल्याच गळ्यात.

सरांचा चेहरा बघवेना. ॲप बरोबर की मॅडम बरोबर यावर अकाउंट्सवाल्यांनी चहाची पैज पण लावली. शेवटी रात्री साडेआठला, तिकडे सकाळचे नऊ, एजंटला फोन लावला, तो म्हणाला हो हो, तुम्हीच भरायचंय, आणि इन्व्हॉइस अजून का नाही आलं?

फोन ठेवल्यावर मी त्याला नम्रपणे मेल टाकला की बाबा, यापुढे कॅपिटलवर पण रेघा देत जा. लगेच उत्तर आलं, क्लारो के सी, म्हणजे 'हो तर, नक्की'. सगळं कॅपिटलमध्ये, आणि सी वर जी रेघ लागते ती गायब.