मिस्सानंतरचा दीड तास

आज वसईत चर्चमध्ये मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) युवा गटासोबत नेटफ्लिक्सवरच्या मालिकेवर, ‘अ‍ॅडोलसन्स’वर बोलायला बसलो. ४ भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. खुनाच्या आरोपात पकडलेला १३ वर्षांचा जेमी, आणि इन्स्टाग्रामवरच्या कमेंट्समधले छुप्या अर्थाचे इमोजी. मी बायबलमधला लूकचा १५वा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट वगैरे तयारी करून गेलेलो. अकरावीतली एक पोरगी थेट म्हणाली, “अंकल, त्या इमोजींचा अर्थ तुम्हाला आधी कळला होता?”

नव्हता. (मालिकेतल्या पोलिसालाही त्याच्या मुलानेच समजावला, तेवढंच समाधान!)

मग तासभर पोरंच मला शिकवत होती. प्रश्नांचा कागद खिशातच राहिला. शेवटी, एरवी तोंड न उघडणारा एक जण म्हणाला, “बाप जेमीच्या खोलीत जातो ना, तिथे मी बंद केलं.”

कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात फादर चहा घेऊन आले.